‘खबर’ ते गट : महाराष्ट्रातील उद्योगसंस्थांचा माध्यमस्वीकार आणि बीड जिल्हा (१९२०–२०२५)

प्रस्तावना

उद्योगसंस्थांनी विपणनासाठी आणि अंतर्गत सहकार्यासाठी केलेला समाजमाध्यमांचा स्वीकार हा विषय वाणिज्य व व्यवस्थापन या विद्याशाखांत बराच चर्चिला गेला आहे. फेसबुक (२००४), ट्विटर (२००६) आणि व्हॉट्सॲप (२००९) यांच्या उदयाबरोबर उद्योगविश्वात नव्या युगास आरंभ झाला, असे या चर्चेत बहुधा गृहीत धरलेले असते. इतिहासाच्या दृष्टीने हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. ग्राहकाशी थेट बोलणे, विक्रेत्यांना एका सूत्रात बांधणे आणि कामगारांमध्ये संस्थेविषयी आपलेपणा निर्माण करणे या गरजा समाजमाध्यमांपूर्वीही होत्या. त्या भागविण्याची साधने मात्र काळानुरूप बदलत गेली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या बदलाचे तीन ठळक टप्पे दिसतात : मुद्रित गृहपत्रिका, संगणक व लघुसंदेश यांचे जाळे आणि समाजमाध्यमे. प्रस्तुत लेखात या तीन टप्प्यांचा आढावा घेऊन बीड जिल्ह्याच्या संदर्भात त्यांचे मूल्यमापन केले आहे. बीडची निवड सहेतुक आहे. हा जिल्हा उद्योगांचे केंद्र म्हणून ओळखला जात नाही. उद्योगांना कच्चा माल आणि विशेषतः श्रमशक्ती पुरविणारा जिल्हा अशी त्याची ओळख आहे. उद्योगसंस्था एखादे नवे माध्यम स्वीकारते, तेव्हा ती संवादाच्या वर्तुळात कोणाला घेते आणि कोण वर्तुळाबाहेर राहते, हा प्रश्न अशा जिल्ह्यातून अधिक स्पष्टपणे दिसतो.

१. मुद्रित गृहपत्रिका : ‘किर्लोस्कर खबर’

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळरानावर कारखान्याची वसाहत उभारली. तीच पुढे किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध झाली. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक ही त्या कारखान्याची आरंभीची उत्पादने होत. यांचा ग्राहक शेतकरी होता आणि तो लोखंडी नांगराविषयी साशंक होता. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. त्यामुळे माल तयार करण्याइतकेच ग्राहकाचे मन वळविणे हे या उद्योगापुढील आव्हान होते.

या पार्श्वभूमीवर १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू झाले. त्याची धुरा शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्याकडे होती. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या शं. वा. किर्लोस्करांना जाहिरातीच्या कलेची उत्तम जाण होती. कारखान्याची वार्ता ग्राहकांना, अडत्यांना आणि कामगारांना कळावी, हा पत्राचा मूळ हेतू होता. आजच्या परिभाषेत सांगायचे तर विपणन आणि अंतर्गत संवाद ही दोन्ही कार्ये एकाच पत्राने पार पाडावीत, अशी ही योजना होती.

या पत्राचे पुढील स्वरूप अधिक उद्बोधक आहे. कारखान्याच्या बातम्यांची चौकट ओलांडून ते सर्वसाधारण वाचकांचे मासिक बनले. नावातील ‘खबर’ हा शब्द गळून केवळ ‘किर्लोस्कर’ हे नाव उरले. त्याच संस्थेने १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके सुरू केली. १९३० नंतरच्या दशकात वि. दा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध झाले. नांगर विकण्यासाठी निघालेले पत्र मराठी मध्यमवर्गाच्या वैचारिक घडणीचे साधन ठरले. वाचकाला केवळ ग्राहक न मानता विचार करणारी व्यक्ती मानल्यामुळे हे स्थित्यंतर शक्य झाले, असे म्हणता येते.

तथापि या माध्यमाला अंगभूत मर्यादा होती. ते साक्षरांचे माध्यम होते आणि ते टपालाने पोहोचत असे. बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी शाळा आणि मराठी वाचक या दोहोंची वाढ तेथे खुंटली होती. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबाद मुक्तीनंतर आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर ही स्थिती पालटू लागली. म्हणजेच मुद्रित गृहपत्रिकांच्या ऐन बहराच्या काळात बीडचा शेतकरी त्या संवादवर्तुळाच्या जवळजवळ बाहेरच होता. येथे वर्तुळाची सीमा भाषा, साक्षरता आणि राजकीय सत्ता यांनी आखली होती.

२. संगणक व लघुसंदेश : वारणेचा प्रयोग

दुसऱ्या टप्प्याचे महत्त्वाचे उदाहरण सहकारी साखर उद्योगातील आहे. १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागातून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी तो आखण्यात आला होता. गावोगावी संगणक केंद्रे स्थापन करून ती कारखान्याशी जोडणे हा त्याचा गाभा होता. उसाची नोंद, तोडणीचा आदेश, वजन, खतांची खरेदी व देयके ही माहिती सभासदाला गावातच मिळावी, अशी अपेक्षा होती. बाजारभाव, शिक्षण, आरोग्य अशी व्यापक माहितीही या केंद्रांतून मिळेल, असे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने कारखान्याच्या दैनंदिन व्यवहारापुरता होत राहिला.

या अनुभवाच्या आधारे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेने पुढील प्रयोग केला. सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि लघुसंदेश, म्हणजेच एसएमएस, यांवर आधारित यंत्रणा सुमारे आठ महिने चालविण्यात आली. सभासदाने संदेश पाठवावा आणि त्याला वजनाची वा देयकाची माहिती उत्तरादाखल मिळावी, असे तिचे स्वरूप होते. महागडा संगणक जे काम करीत होता, ते काम साधा मोबाईल अल्प खर्चात करू शकतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

वारणेच्या प्रयोगातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, संस्थेच्या व्यवहाराशी घट्ट जोडलेले माध्यमच टिकते. दुसरी गोष्ट बीडच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. या जाळ्याचा घटक होता ऊस उत्पादक सभासद. त्याचे नाव, गट क्रमांक आणि खाते कारखान्याच्या दप्तरी आधीपासून होते. म्हणूनच त्याला संदेश पाठविणे शक्य झाले. ऊस प्रत्यक्ष तोडणारा मजूर मात्र या आराखड्यात कोठेही नव्हता.

याच काळात खाजगी कंपन्याही शेतकऱ्यांकडे वळल्या. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २००७ मध्ये महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू केली. बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला देणारे संदेश शेतकऱ्याने वर्गणी भरून घ्यावेत, अशी ही योजना होती. अर्थतज्ज्ञ मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातील १०० गावांतील ९३३ शेतकऱ्यांच्या आधारे या सेवेच्या परिणामांचा अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांच्या मालासाठी सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय असा अधिक भाव मिळाल्याचे त्यात आढळले नाही. भाव ठाऊक असणे आणि तो भाव पदरात पाडून घेण्याची शक्ती असणे यांत अंतर आहे. माल साठविण्याची सोय, वाहतूक आणि अडत्याकडील देणे या बाबींवर ती शक्ती अवलंबून असते.

३. समाजमाध्यमांचा स्वीकार

समाजमाध्यमांच्या स्वीकारासाठी आवश्यक अशी भूमी महाराष्ट्रात हळूहळू तयार झाली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ पासून सुरू केलेल्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावापर्यंत संगणक साक्षरता पोहोचली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाईलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने खाली आले आणि स्मार्टफोन खेड्यांतही नित्याचा झाला.

मोठ्या कंपन्यांनी अंतर्गत सहकार्यासाठी स्वतंत्र जाळी उभारली. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ‘यामर’ ही कंपनी विकत घेतली. फेसबुकने २०१६ मध्ये ‘वर्कप्लेस’ ही सेवा आणली. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘नोम’ हे अंतर्गत जाळे विकसित केले. अशा जाळ्यांमागील कल्पना अशी की, एका शहरातील कर्मचाऱ्याची अडचण दुसऱ्या शहरातील सहकाऱ्याने सोडवावी आणि ज्ञान अधिकाराच्या उतरंडीत अडकून पडू नये. परंतु या साधनांचे आयुष्य अनिश्चित असते. मेटा कंपनीने २०२४ मध्ये ‘वर्कप्लेस’ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, हे त्याचे बोलके उदाहरण होय.

लघुउद्योग, पतसंस्था, दुकाने आणि सहकारी संस्था यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी स्वतंत्र यंत्रणा विकत न घेता कर्मचाऱ्यांच्या खिशात आधीच असलेल्या व्हॉट्सॲपचा आधार घेतला. जानेवारी २०१८ मध्ये ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ आल्यावर ग्राहकांशी संपर्क आणि मालाची यादी दाखविणे ही कामेही त्यावर होऊ लागली. खर्च जवळजवळ नाही आणि प्रशिक्षणाची गरज नाही, ही या स्वीकाराची मुख्य कारणे. त्याची दुसरी बाजू अशी की, कामाची वेळ व घरची वेळ यांतील सीमा पुसट झाली आणि संस्थेचे दप्तर व्यक्तीच्या मोबाईलमध्ये जाऊन बसले. व्यक्तीने संस्था सोडली की तो इतिहासही तिच्याबरोबर जातो. ज्या संस्थांच्या जुन्या पत्रिका ग्रंथालयांत जतन झाल्या आहेत, त्यांचा इतिहास लिहिता येतो. व्हॉट्सॲपवर चाललेल्या कारभाराचा इतिहास लिहिताना उद्याच्या संशोधकास साधने कोठून मिळणार, हा गंभीर प्रश्न आहे.

आणखी एका बाबीची नोंद घ्यावयास हवी. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने केवळ गटप्रमुखांनाच संदेश पाठविता येईल अशी सोय उपलब्ध करून दिली. अनेक संस्थांच्या दृष्टीने ही सोय उपयुक्त आहे. पण तिचा अवलंब होताच संवादाचे साधन पुन्हा सूचनाफलक बनते. ज्या माध्यमाचे वैशिष्ट्यच परतीचा आवाज हे आहे, त्यातून तो आवाज वगळला तर ‘खबर’च्या आरंभीच्या अंकांपेक्षा ते फारसे पुढे गेले असे म्हणता येणार नाही.

४. बीड जिल्हा : सीताफळ आणि उत्पादक कंपनी

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. बालाघाटच्या डोंगररांगा, हलकी जमीन आणि अनिश्चित पाऊस यांमुळे जिल्ह्याच्या मोठ्या भागात कोरडवाहू शेती आहे. या डोंगरांतील सीताफळ प्रसिद्ध असून ‘बीड सीताफळ’ या नावाने त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सीताफळ हे अत्यंत नाशवंत फळ आहे. त्याचे डोळे उघडू लागले की ते तोडावे लागते आणि त्यानंतर दोन-चार दिवसांतच ते पिकून मऊ पडते. बीड शहरही दीर्घकाळ रेल्वेपासून वंचित होते. अहिल्यानगर–बीड रेल्वेसेवा १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली. तोपर्यंत मालाची सर्व भिस्त रस्त्यावरच होती. अशा मालाच्या विक्रीत ग्राहक आधी आणि तोडणी नंतर, हा क्रम लाभदायक ठरतो आणि तेथेच समाजमाध्यमाचे खरे मोल आहे. शहरातील ग्राहकांची मागणी आदल्या दिवशी गटावर नोंदवून घेतली तर तेवढीच फळे तोडता येतात.

१९५६ च्या कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना ‘उत्पादक कंपनी’ स्थापन करण्याचा मार्ग खुला झाला. अशा कंपनीत भागधारक आणि माल पुरविणारा एकच असतो. म्हणून तिच्या व्हॉट्सॲप गटात विपणन आणि अंतर्गत सहकार्य ही दोन्ही कार्ये स्वाभाविकपणे एकत्र येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत झाले. त्या वेळी महाराष्ट्रातील अनेक शेतकरी गटांनी शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या मागण्या मोबाईलवर स्वीकारून भाजीपाला व फळे थेट पोहोचविली. या उदाहरणात माध्यम यशस्वी झाले, कारण त्याच्या मागे संघटन होते. फाफशाँ व मिंटेन यांच्या निष्कर्षाशी हे सुसंगत आहे : माहितीला संघटनेची जोड मिळाली, तरच ती सौदाशक्तीत रूपांतरित होते.

५. संवादवर्तुळाबाहेरचा घटक : ऊसतोड मजूर

बीडचा उद्योगविश्वाशी सर्वांत मोठा संबंध मात्र ऊसतोडीतून येतो. माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई या भागांत साखर कारखाने उभे राहिले, तरी जिल्ह्यातील लक्षावधी मजूर दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीसाठी जातात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील अनेक गावे हंगामात ओस पडतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. अनेक कोयत्यांची टोळी बनते. मुकादम हंगामापूर्वी त्यांना ‘उचल’ देतो आणि ती कामातून फेडली जाते.

कारखाना आणि मजूर यांच्यातील जवळजवळ सर्व संवाद मुकादमामार्फत होतो. किती टन ऊस तोडला, किती रक्कम जमा झाली, उचलीतून किती वजा झाली, हा हिशेब बहुतेकदा मुकादमाच्या वहीत असतो. मुकादमाची भूमिका समजून घेताना एकांगी विचार करून चालणार नाही. उचल घेऊन टोळी कामावर आलीच नाही, तर कारखाना त्यालाच जबाबदार धरतो. तो केवळ निरोप्या नसून जामीनदारही असतो. म्हणूनच मजुराच्या हाती मोबाईल आल्याने मुकादमाची गरज आपोआप संपली नाही. मोबाईल निरोप वाहून नेतो, हमी वाहून नेत नाही.

दरम्यान साखर उद्योगाचे अंकीकरण वेगाने झाले. अनेक कारखाने उसाचे वजन होताच उत्पादकाला संदेश पाठवितात. राज्याच्या साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये ‘महा-ऊस नोंदणी’ हे मोबाईल ॲप आणून शेतकऱ्याला घरबसल्या उसाची नोंद करण्याची सोय दिली. वजनकाट्यावर एकच वाहन उभे असते आणि एकच आकडा उमटतो. त्या आकड्यावर उत्पादकाचे देयक ठरते आणि त्याच आकड्यावर तोडणीची मजुरीही ठरते. तरी वजनाचा संदेश उत्पादकाच्या नावे जातो. तोडणाऱ्याला आकडा मुकादमाकडून वा स्लिपबॉयकडून कळतो. टायरगाडीने वाहतूक करणाऱ्या कोयत्याची गाडी स्वतंत्रपणे काट्यावर जाते, त्यामुळे अशा कोयत्याला वेगळा संदेश देणे सोपे आहे. ट्रॅक्टर वा मालमोटार भरणाऱ्या टोळीच्या बाबतीत एकूण वजनाचा संदेश टोळीतील प्रत्येक कोयत्यास देता येईल.

मजुरीच्या दराबाबतचा संवादही वरच्या पातळीवर होतो. राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि मजूर संघटना यांच्यात वाटाघाटी होतात व नेत्यांच्या लवादातून दर ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये अशाच वाटाघाटींतून ३४ टक्के दरवाढ मान्य झाली. मान्य झालेली वाढ प्रत्यक्ष हिशेबात आली किंवा नाही, हे पडताळण्याचे साधन मजुराजवळ नसेल, तर वाटाघाटींतील यशाचे मोल कमी होते.

या बाबतीत मूलभूत अडसर तंत्रज्ञानाचा नसून नोंदीचा आहे. वारणेचा सभासद जाळ्यात आला, कारण त्याचे नाव दप्तरी होते. ऊसतोड मजुरांची अशी नोंद दीर्घकाळ कोठेही नव्हती. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची स्थापना आणि २०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचा शासनाचा निर्णय या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. या नोंदीत कोयत्यातील स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे येणे विशेष गरजेचे आहे. तोडणीत निम्मे श्रम तिचे असतात; हिशेब मात्र परंपरेने पुरुषाच्या नावे चालतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की, समाजमाध्यमांचा स्वीकार ही उद्योगसंस्थांच्या जुन्या संवादपरंपरेतील पुढची पायरी आहे. महाराष्ट्रात तिचा एक ठळक आरंभबिंदू १९२० च्या ‘किर्लोस्कर खबर’मध्ये दिसतो. दुसरा असा की, जे माध्यम वाचकाला वा सभासदाला बरोबरीने सहभागी करून घेते, ते मूळ व्यापारी हेतूच्या पलीकडे जाते. जे केवळ सूचना देते, त्याचा प्रभाव मर्यादित राहतो. तिसरा असा की, माहिती मिळाल्याने सौदाशक्ती आपोआप वाढत नाही. त्यासाठी संघटन लागते.

चौथा निष्कर्ष बीडच्या अनुभवातून निघतो. नवे माध्यम संस्थेच्या विद्यमान यादीनुसार पसरते. ग्राहक, सभासद आणि पगारी कर्मचारी यादीत असतात, म्हणून ते प्रत्येक टप्प्यावर वर्तुळात येतात. ऊसतोड मजूर यादीत नव्हता, म्हणून संगणक, लघुसंदेश आणि व्हॉट्सॲप असे टप्पे उलटूनही तो मुकादमाच्या वहीतच राहिला. आता नोंदणीस आरंभ झाला आहे आणि वजनाचा संदेश पाठविणारी यंत्रणाही अनेक कारखान्यांत कार्यरत आहे. तोच संदेश कोयत्यातील दोघांच्याही मोबाईलवर, वाचता न येणाऱ्यांसाठी मराठीतील ध्वनिसंदेशाच्या रूपाने, पाठविण्यास नवे तंत्रज्ञान लागत नाही. साखर आयुक्तालय, महामंडळ आणि कारखाने यांनी तसा निर्णय घेतल्यास पुढील गळीत हंगामापासूनही त्याची अंमलबजावणी होऊ शकेल.